शाळेवर पुन्हा छप्पर

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर आलं, तेव्हा शाळांत मुलं नव्हती. कोरोनामुळे मार्चपासून शाळा बंद होत्या. इमारती मात्र सगळ्याच रिकाम्या नव्हत्या. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी गावी परतू लागले आणि त्यांना काही दिवस वेगळं ठेवायचं ठरलं, तेव्हा अनेक गावांपुढे त्यासाठी एकच जागा होती, ती म्हणजे जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. फळ्याखाली गाद्या पडल्या, बाकांवर बॅगा आल्या, जेवणाचे डबे घरून व्हरांड्याच्या पायरीपर्यंत येऊ लागले. वादळाचा इशारा आल्यावर किनाऱ्यालगतच्या वाड्यांतली माणसंही अशाच सार्वजनिक इमारतींत हलवली गेली. वादळाच्या दिवशी दवाखाना, धर्मशाळा आणि निवारा ही सगळी कामं गाव ज्या इमारतीकडून करून घेत होतं, तिच्यावरचं छप्पर ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यात किती टिकेल, हा प्रश्न मात्र तोवर फारसा कुणाला पडलेला नव्हता.

वादळ गेल्यावर सगळ्यांचं लक्ष बागांकडे आणि घरांकडे गेलं. ते रास्तच होतं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. नारळ-सुपारीचं नवं झाड उत्पन्न देऊ लागेपर्यंत कित्येक वर्षं जातात. विजेचे खांब पडले होते आणि काही गावांत तर कित्येक आठवडे दिवा लागला नाही. मोबाइलचे टॉवर बंद पडल्याने शेजारच्या तालुक्यात काय झालंय हेही कळत नव्हतं. या सगळ्यात शाळेचं छप्पर गेलं ही बातमी मागे पडली. रायगडमध्ये श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि रत्नागिरीत दापोली, मंडणगड या पट्ट्यात शेकडो शाळांची पडझड झाली. कुठे कौलं गेली, कुठे पत्रे, कुठे शेजारचा आंबा किंवा फणस वर्गावरच कोसळला. गावात कुणाला विचारलं तर उत्तर यायचं, ‘शाळेचं काय, ती सरकारची. सरकार बघेल.’

ही पुस्तिका त्या उत्तराशी हुज्जत घालण्यासाठी लिहिली गेली आहे. वादळात पडलेली किंवा मोडलेली शाळा गावाच्या मदतीने पुन्हा कशी उभी करावी, याची माहिती शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, शिक्षक, सरपंच आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांचे कार्यकर्ते यांच्यासाठी इथे एकत्र केली आहे. प्रस्तावना लिहिणाऱ्याने पुस्तकाचं कौतुक करून बाजूला व्हावं असा आपल्याकडे रिवाज आहे. मी तो पुरता पाळणार नाही, कारण पुढच्या प्रकरणांत जे तांत्रिक आहे त्यामागचा विचार आधी सांगितला नाही, तर ही पुस्तिका पत्रे आणि हुकांची यादी वाटेल. शिवाय ‘गावाची मदत’ हे शब्द हल्ली इतके सैल वापरले जातात की त्यांचा अर्थही आधी आवळून घ्यायला हवा.

आधी पावसाबद्दल. वादळाने शाळेचं जेवढं नुकसान केलं, त्याहून अधिक ते नंतरच्या पावसाने केलं असं म्हटलं तर कोकणाबाहेरच्या माणसाला नवल वाटेल. २०२० साली मोसमी पाऊस ११ जूनला दक्षिण कोकणात पोचला, म्हणजे वादळानंतर जेमतेम आठवड्याभराने. जुन्या शाळांच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आणि पुष्कळ ठिकाणी मातीच्या दरजांच्या. डोक्यावर छप्पर आहे तोवर अशी भिंत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. छप्पर गेलं की पाणी वरून भिंतीच्या पोटात उतरतं, दरजा धुपतात आणि श्रावणापर्यंत माथ्याचे चिरे हलू लागतात. जूनमध्ये नुसत्या कौलांचं काम होतं, ते दिवाळीत भिंत पाडून बांधण्याचं होऊन बसतं. म्हणून पहिल्या आठवड्यात टाकलेली ताडपत्री हा सगळ्या पुनर्बांधणीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा खर्च आहे. तो करायला तालुक्याहून कुणी येणार नाही. रस्ते बंद, झाडं आडवी, फोन नाही, अशा दिवसांत शाळेपाशी पोचू शकतं ते फक्त गाव.

इथे एक भीती आड येते. ‘पंचनामा व्हायच्या आधी हात लावला तर नुकसान धरणार नाहीत.’ या भीतीपोटी उघड्या भिंती पावसात भिजत राहतात. त्यावर पुस्तिकेतला उपाय सोपा आहे. आधी चारही बाजूंनी आणि आतून फोटो काढायचे, पडलेली कौलं-पत्रे एका जागी रचून ठेवायचे, शिक्षक, सरपंच आणि समितीचे दोन सदस्य यांनी सहीनिशी टिपण करायचं आणि मग झाकायचं. पडलेलं सामान विकून किंवा वाटून टाकायचं नाही. निम्मी कौलं आणि बरेचसे वासे पुन्हा वापरता येतात, आणि वादळानंतरच्या महिन्यात तर बाजारात पत्रा मिळत नाही, मिळाला तर दुकानदार सांगेल तो भाव. निसर्गच्या वेळी ताडपत्रीचीही हीच गत झाली होती.

आता छपराकडे वळू. तांत्रिक प्रकरणातला हा भाग गावच्या सुताराला आणि गवंड्याला शेजारी बसवून वाचावा असं मी सुचवेन. आपली समजूत अशी असते की वारा छप्पर ढकलून पाडतो. प्रत्यक्षात तो ते उचलतो. उतरत्या छपरावरून वेगाने जाणाऱ्या वाऱ्यामुळे पलीकडच्या पाखीवर, आढ्यापाशी आणि कडांना वरच्या बाजूने ओढ बसते. त्यातच वाऱ्याच्या तोंडाची एखादी खिडकी फुटली की आत शिरलेली हवा खालून रेटा देते. व्हरांडा तर तीन बाजूंनी उघडाच, त्यामुळे तिथे हा रेटा आयताच मिळतो. मंगलोरी कौलं रिपांवर नुसती अडकून बसलेली असतात. मोठ्या वाऱ्यात ती निसटतात, वर्गात खापरांचा खच पडतो. पण कौलं निघाली की वाऱ्याला वाट मिळते आणि आढं-वासे पुष्कळदा जागेवर राहतात. पत्र्याचं तसं नाही. पत्रा कडेने एकदा सुटला की फरफरत शेवटच्या हुकापर्यंत सोलला जातो, आणि हूक भक्कम असतील तर खालच्या लोखंडी पाइपासकट जातो. हवेत सुटलेला पत्रा म्हणजे तलवारच.

मग पत्रे घातलेच का, असं शहरातला वाचक विचारील. त्याचं उत्तर झाडावर बसलेलं आहे. कोकणात माकडं कौलं टिकू देत नाहीत. त्यांच्या एका टोळीने छपरावरून एकदा धाव घेतली की पावसात चार ठिकाणी गळती लागते. दुसरं कारण माणसांचं. दर वर्षी मे महिन्यात शाकारणी करायची, म्हणजे कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, किडलेली रीप काढायची, आढ्यावरचे कोने नीट बसवायचे. हे काम करणारे हात आता गावात उरले नाहीत. वासेही महाग झाले. तेव्हा पत्रा हा गावाचा आळस म्हणून हिणवण्यात अर्थ नाही, तो परिस्थितीने आला आहे. पण पत्रा घातला म्हणजे दर वर्षीची देखभाल सुटली, ही समजूत खोटी आहे आणि वादळात तीच नडते. समुद्राच्या खाऱ्या हवेत हूक आणि स्क्रू पत्र्याच्या आधी गंजतात. खालून पाहिलं तर छप्पर धडधाकट दिसतं, आणि प्रत्यक्षात ते निम्म्या हुकांवर उभं असतं.

पत्र्याचं छप्पर टिकवण्याच्या गोष्टी फार नाहीत. भोक पन्हाळीत पाडायचं नाही, उंचवट्यावर पाडायचं आणि खाली रबरी वायसर घालायचा. कडेच्या ओळींत आणि आढ्यापाशी हूक दाट घ्यायचे, कारण ओढ तिथे जास्त. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाइप भिंतीला बांधायचे. कित्येक शाळांत ते चिऱ्यावर नुसते टेकवून बाजूने सिमेंटचा गोळा लावलेला असतो. भिंतीच्या माथ्यावरून सळी-सिमेंटचा सलग पट्टा फिरवायचा, गवंडी ज्याला बेल्ट म्हणतात तो, आणि त्यात पाइप पकडायचे. हा बेल्ट दिसत नाही, फोटोत येत नाही, उद्घाटनाला त्याच्यावर हार घालता येत नाही. म्हणूनच पैसे कमी पडले की पहिली काट त्यालाच लागते. समितीच्या सदस्याने काम चालू असताना एकच गोष्ट पाहायची असेल तर ती ही.

‘त्यापेक्षा स्लॅबच टाकून द्या’ ही मागणी जवळजवळ प्रत्येक गावसभेत होते. स्लॅब वाऱ्याने उडत नाही हे खरंच. पण जुन्या मातीच्या दरजांच्या भिंतींवर तो टाकता येत नाही, त्यासाठी इमारत खांबांपासून नवी बांधावी लागते. आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या मुलखात, खाऱ्या हवेत, बेताच्या दर्जाच्या स्लॅबमधली सळी गंजून सिमेंटचे पोपडे सुटू लागतात. कोकणातल्या कितीतरी स्लॅबच्या घरांवर पुन्हा पत्र्याची शेड चढलेली दिसते ती उगाच नाही. पोरांच्या डोक्यावर पोपडा पडणारी स्लॅबची खोली नीट बांधलेल्या कौलारू खोलीपेक्षा सुरक्षित नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पुस्तिकेचे लेखक याबाबत माझ्यापेक्षा सौम्य आहेत.

पडझड उपसताना एक सावधगिरी या पुस्तिकेत ठळक छापली आहे, तिचा इथेही उल्लेख करतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्यांचे तुकडे मुलांना उचलायला लावू नयेत, कोरडे फोडू-कापू नयेत, पाणी मारून मगच हलवावेत. आपल्याकडे श्रमदान म्हटलं की पहिली रांग विद्यार्थ्यांची लागते. इथे ती लावायची नाही.

आता शाळेतल्या एका वस्तूबद्दल, जिच्यामुळे ‘शाळा सरकारची’ हे वाक्य गावाला परवडत नाही. मुख्याध्यापकांच्या कपाटात, खालच्या खणात, कापडी बांधणीची जुनी जनरल रजिस्टरं असतात. नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, कधी दाखल झाला, कधी सोडलं, हे सारं बोरूच्या किंवा टाकाच्या वळणदार अक्षरात. जातपडताळणीच्या वेळी अनुसूचित जातींना १९५०च्या आधीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना १९६१च्या आधीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७च्या आधीचा पुरावा लागतो. ज्या घरात तेव्हा जमीन नव्हती, त्या घराकडे पुरावा असतो तो आजोबांच्या शाळेचा. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा सरकारी यंत्रणाही याच रजिस्टरांपर्यंत आली. छप्पर गेल्यावर या वह्या भिजतात, आणि पावसाळी हवेत दोन-तीन दिवसांत त्यांवर बुरशी धरते.

भिजलेलं रजिस्टर घाईने उन्हात टाकायचं नसतं. चिकटलेली पानं ओढून सोडवायची नसतात. सावलीत, वाऱ्याशी, पानांमध्ये कोरा टिपकागद किंवा साधा पांढरा कागद घालत, तो ओला झाला की बदलत, धीराने वाळवावं लागतं. हे काम एका शिक्षकाच्याने होत नाही, विशेषतः जेव्हा तोच शिक्षक आपत्तीच्या कामाला जुंपलेला असतो. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामं देऊ नयेत असं म्हटलं आहे, पण जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण यांना त्यातून वगळलं आहे. म्हणजे वादळानंतर शिक्षक पंचनाम्याच्या फेऱ्यांत आणि शाळेचं दप्तर ओलं. ज्या गावात दोन-चार बायांनी ही रजिस्टरं एखाद्या कोरड्या ओटीवर नेऊन वाळत घातली, त्या गावाने किती जणांच्या नोकऱ्या आणि प्रवेश वाचवले याचा हिशेब कुठल्याही अहवालात येत नाही.

आता पैशाकडे येतो, कारण ‘गावाची मदत’ म्हटलं की लोकांना आधी वर्गणीची वही दिसते. वर्गणीची कोकणाला सवय आहे. शिमग्याची पालखी, देवळाचा जीर्णोद्धार, सप्ताह, सगळं वर्गणीवर चालतं आणि हिशेब चोख असतात. गावोगावची माध्यमिक विद्यालयं तर मुंबईकरांच्या पैशावरच उभी राहिली. गिरणगावातल्या खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या माणसांनी पगारातून रुपये काढून ठेवले, परळच्या दामोदर नाट्यगृहात शाळेच्या साहाय्यार्थ नाटकं आणि नमनं लावली आणि गावात जांभ्याच्या खोल्या चढवल्या. त्यांच्या आधी देशावर कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढून, गाव जमीन, धान्य आणि अंगमेहनत देऊ शकतं हे दाखवून दिलंच होतं. प्राथमिक शाळांची वाट मात्र वेगळी झाली. कुणाच्या पडवीत, कुठे देवळाच्या सभामंडपात भरणाऱ्या शाळा पुढे लोकल बोर्डाच्या आणि १९६२ पासून जिल्हा परिषदेच्या झाल्या. शाळेला हक्काचा पगारी शिक्षक मिळाला, ही फार मोठी कमाई. पण शाळेची कौलं कोण बघणार, हा विषय त्याच वेळी गावाच्या वहीतून निघून गेला.

तो परत वहीत यावा असं मला वाटतं, पण एका अटीवर. शाळा बांधून देणं हे सरकारचं कायदेशीर कर्तव्य आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात सर्व ऋतूंत टिकेल अशी इमारत, शिक्षकागणिक वर्गखोली, मुलामुलींना स्वतंत्र स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, हे सगळं लिहिलेलं आहे. गावाची इच्छा असेल तर करा, अशी सवलत त्यात नाही. ‘लोकसहभाग’ हा शब्द कधीकधी याच कर्तव्यातून अंग काढून घेण्यासाठी वापरला जातो. आपत्ती निधीतून प्राथमिक शाळेच्या दुरुस्तीला मिळणाऱ्या रकमेला कमाल मर्यादा असते. ती पुरत नाही म्हटल्यावर वरून सूचना येते, उरलेलं लोकसहभागातून भागवा. ज्या गावाचं मुंबईत मंडळ आहे तिथे ते भागतं. कातकरी वाडीवर काय करायचं? तिथली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्याकडून वर्गणी मागणं हे क्रौर्य आहे. जूनमध्ये श्रमदानाला बोलावणं तर त्याहून वाईट, कारण पेरणी-लावणीच्या दिवसांत एक दिवस फुकट गेला की चूल अडते. शाळेला वर्गणी हा निकष लावला तर ज्या मुलांना सरकारी शाळेवाचून दुसरा आधार नाही, त्यांच्याच शाळा सर्वांत शेवटी उभ्या राहतील.

म्हणून या पुस्तिकेने घेतलेली भूमिका मला पटते. बांधकामाचा पैसा सरकारचा. सुतार, गवंडी आणि अंगावर काम करणारे मजूर यांना मजुरी, मग ते त्याच गावचे का असेनात. श्रमदान पडझड उपसण्यापुरतं, आणि तेही ज्याला झेपेल त्याचं. मुंबईच्या मंडळांचे पैसे फक्त आपल्या वाडीच्या शाळेला न देता त्यांतला काही वाटा केंद्रातल्या सर्वांत गरीब शाळेकडे वळवावा, अशी सूचना एका प्रकरणात आहे. ती कितपत मानली जाईल याबद्दल मला शंका आहे. वाडीचा अभिमान कोकणात लहानसहान गोष्ट नाही. पण सूचना छापली गेली हे बरं झालं.

तर मग गावाने द्यायचं काय? जे सरकारकडे नाही ते. पहिलं म्हणजे जमिनीचा कागद. कितीतरी शाळा ज्या जागेवर उभ्या आहेत ती कुणाच्या तरी आजोबांनी तोंडी दिलेली. सातबाऱ्यावर आजही त्यांचं आणि त्यांच्या पाच-पंचवीस वारसांचं नाव. दुरुस्तीपुरतं चालून जातं. नवी इमारत मंजूर करायची वेळ आली की फाइल तिथे अडते. त्यातले चार वारस गावात, आठ मुंबईत, दोघांचं आपसात बोलणं नाही. या सगळ्यांना एका खोलीत बसवून बक्षीसपत्रावर सह्या घेणं हे कुठल्याही गटशिक्षणाधिकाऱ्याच्या आवाक्यातलं काम नाही. गावातला एखादा वडीलधारा माणूस ते गणपतीत करून दाखवतो, कारण तेव्हा सगळे वारस घरी असतात.

दुसरं म्हणजे जागेचं ज्ञान. वारा कुठून येतो, भरतीचं पाणी कुठवर चढतं, कुठला फणस आतून पोखरला आहे, जुनी शाळा पूर्वी कुठे होती आणि ती तिथून का हलवली, हे गावाला ठाऊक असतं. नकाशा जिल्ह्याला तयार होतो आणि तो बहुतेकदा सगळ्या जिल्ह्याला एकच असतो. समुद्राकडे तोंड करून उघडा व्हरांडा काढू नका, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पण सांगणाऱ्याला कुणी विचारावं लागतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि तिने शाळेचा विकास आराखडा करावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात आराखडा मुख्याध्यापक लिहितात आणि सह्या घरोघर जाऊन घेतल्या जातात. हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी देणगी म्हणजे मे महिना, म्हणजे पावसाआधी दर वर्षी गावाने मिळून करायची शाळेची डागडुजी. जगात वादळांच्या वाटेवर असलेले देश याच निष्कर्षाला आलेले दिसतात. फिलिपिन्समध्ये २००३ पासून शाळा उघडण्याच्या आधी पालक, शिक्षक आणि शेजारपाजार मिळून शाळेची डागडुजी करतात. ‘ब्रिगादा एस्क्वेला’ नावाने शिक्षण खात्यानेच तो दर वर्षीचा कार्यक्रम करून टाकला आहे. ओडिशाने २९ ऑक्टोबर १९९९च्या महाचक्रीवादळात जे भोगलं त्यानंतर किनाऱ्यावर उंच खांबांवरचे निवारे उभारले. त्यांतल्या अनेकांत एरवी शाळा भरते, आणि त्यांची देखभाल गावातली समिती करते. निवारा वर्षानुवर्षं कुलूपबंद राहिला तर ऐन वादळात त्याची किल्ली सापडत नाही. रोज मुलं येत असतील तर दार उघडंच असतं, हा त्यामागचा साधा विचार. आपल्याकडेही वादळाच्या दिवशी माणसं शाळेतच नेली जातात. मग ती शाळा त्या दर्जाची का बांधू नये, हा प्रश्न कोकणातल्या लोकप्रतिनिधींना विचारला गेला पाहिजे. निसर्गला वर्ष होतं न होतं तोच, मे २०२१मध्ये, तौक्ते किनाऱ्याला घासत गुजरातकडे गेलं आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली छपरं पुन्हा उडाली. त्याआधी २००९च्या नोव्हेंबरात फयान येऊन गेलं होतं. अरबी समुद्र शांत असतो, वादळं बंगालच्या उपसागरात होतात, हा जुना भरवसा आता धरून चालणार नाही.

निसर्गच्या गोष्टीतला एक भाग अजून सांगायचा राहिला. कोरोनाच्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं म्हणत शिक्षकांनी ओट्यांवर, देवळांत, जिथे रेंज मिळेल तिथे मुलं बसवली. ते कौतुकाचंच होतं. पण इमारतीच बंद असल्याने मोडक्या शाळांची घाई कुणाला राहिली नाही. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. म्हणजे जून २०२०मध्ये उडालेल्या छपराच्या आणि परत आलेल्या मुलांच्या मध्ये दीड वर्ष, दोन पावसाळे आणि एक तौक्ते होतं. ज्या गावांनी मधल्या काळात स्वतःहून ताडपत्री बदलली, भिंतीच्या माथ्यावर सिमेंट ओढलं, तिथे दुरुस्तीने भागलं. इतरत्र खोलीचं निर्लेखन करण्याचे प्रस्ताव गेले.

आणि निर्लेखन झालं की पुढचा प्रश्न तयारच असतो. पटावर सात मुलं, त्यांच्यासाठी नवी खोली कशाला? २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्यात पुढे आला, तेव्हा अशा सुमारे पंधरा हजार शाळा मोजल्या गेल्या. डोंगर-खाड्यांनी तुटलेल्या कोकणात छोट्या पटाच्या शाळा अधिक असणं ओघाने आलंच. वादळाने पाडलेली छोटी शाळा पुन्हा न बांधणं हा ती बंद करण्याचा सर्वांत बिनबोभाट मार्ग आहे. ठराव नको, आंदोलन नको, नुसता उशीर पुरतो. मुलं तोवर दुसरीकडे जातात किंवा जात नाहीत. काही ठिकाणी शाळा एकत्र करणं शहाणपणाचं असेलही. सहा वर्षांच्या मुलीला खाडी ओलांडावी लागत नसेल आणि गाडी खरोखर येत असेल तर. पण तो निर्णय गावसभेत समोरासमोर व्हावा, पडक्या भिंतीकडे बोट दाखवून होऊ नये.

पुस्तिकेत उणिवा आहेत. वीज आणि सौर पॅनेलचं प्रकरण त्रोटक आहे. वादळानंतर लहान मुलांच्या मनावर काय होतं, वारा सुटला की ती का बिथरतात, यावर दोनच पानं आहेत, ती दहा हवी होती. पुढच्या आवृत्तीत संपादकांनी याकडे पाहावं. नमुन्याचे कागद मात्र उत्तम आहेत. नुकसानीचं टिपण, बक्षीसपत्राचा मसुदा, वर्गणीचा हिशेब फळ्यावर कसा लिहावा, मे महिन्यातल्या पाहणीचा तक्ता, हे सगळं झेरॉक्स काढून वापरता येण्यासारखं आहे.

वाचकांना विनंती एवढीच की ही पुस्तिका शाळेच्या कपाटात ठेवू नका. आपल्या शाळा व्यवस्थापन समितीची पुढची सभा कधी आहे ते मुख्याध्यापकांना विचारा आणि तिच्या विषयपत्रिकेत ‘छपराची पाहणी’ हा विषय घालायला लावा. शिडी, एक जाणता सुतार आणि शेवटच्या पानांवरचा तक्ता बरोबर घ्या. पाहणी एप्रिलमध्ये केलीत तर दुरुस्तीला मे महिना मिळेल.